मानेत गाठ नाही, तरी मानेचं ऑपरेशन कशाला? कर्करोग शरीरात वाट कशी काढतो?

माडीबाग | ११ जून, रात्री ९:४०

मंडळी, नमस्कार. मी सावईवेऱ्याची. इतकी वर्षं इथे नुसती वाचत होते, आज गरज पडली म्हणून लिहितेय.

माझे मामा ५८ वर्षांचे. घरचं कुळागर, त्यामुळे सुपारी कायम हाताशी. तीसेक वर्षं पान-सुपारी-तंबाखू तोंडात असायचीच. चार-पाच वर्षांपासून तोंड पुरतं उघडेना, जरा तिखट लागलं की डोळ्यांत पाणी. आम्ही कुणी लक्ष दिलं नाही, याची रुखरुख जन्मभर राहील. मार्चमध्ये डाव्या गालाच्या आत जखम झाली, ती भरेना. बायोप्सी केली. अहवालात 'इन्व्हेजिव्ह स्क्वॅमस सेल कार्सिनोमा' असं आलं. एमआरआय बघून डॉक्टर म्हणाले, गाठ अडीच सेंटिमीटरची आहे, साधारण ६ मिलिमीटर खोल गेलीय, मानेत काही दिसत नाही. तरीही गालाबरोबर डाव्या बाजूच्या मानेतल्या लसिका ग्रंथी (लिम्फ नोड) काढू या, असं ते म्हणतात.

मामी एकच वाक्य धरून बसलीय: "मानेंत कितेंच ना, तर मागीर मान कित्याक कापतात?" मलाही उत्तर देता येत नाही.

त्यात माझ्या मावसभावाने वाचलंय की कर्करोगाच्या पेशी कसलेसे एन्झाइम सोडून आजूबाजूचं मांस विरघळवतात आणि वाट काढतात. आणि व्हॉट्सअॅपवर एकाने 'एन्झाइम रोखणाऱ्या' कॅप्सूल सुचवल्यात, एक बाटली ४,८०० रुपये. मामी म्हणते, मान कापण्यापेक्षा ह्या घेऊ.

हे एन्झाइम प्रकरण खरं आहे का? खरं असेल तर ते बंद करणारं औषध डॉक्टर का देत नाहीत? ऑपरेशनची तारीख २५ जून मिळालीय.

---

निळी_छत्री | रात्री ९:५८

ताई, कॅप्सूल घेऊ नका. बाकीचं जाणकार सांगतीलच. मामांना लवकर आराम पडो.

---

हळदीचं_पान | रात्री १०:१५

माझं मत वेगळं आहे. बायोप्सीची सुई लागली की रोग चाळवतो आणि पसरतो, हे मी आमच्या गावात तीन घरांत पाहिलंय. ६ मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. हळद ही एन्झाइम रोखते यावर संशोधन झालेलं आहे, कुणीही शोधून पाहावं. निदान दोन महिने हळद आणि पथ्य करून बघा, मान काय पळून जात नाही.

---

पेशीवाचक | १२ जून, सकाळी ७:०५

माडीबाग ताई, मी पॅथॉलॉजिस्ट होते, आता निवृत्त आहे. ३१ वर्षं काचपट्ट्या बघितल्या. तुमच्या मामांची काचपट्टी मी पाहिलेली नाही, त्यामुळे उपचाराचा शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा. पण 'इन्व्हेजिव्ह' हा शब्द आम्ही कशाला बघून लिहितो, ते सांगते.

गालाच्या आतलं अस्तर म्हणजे पेशींचे थर. त्यांच्या खाली एक अतिशय पातळ पडदा असतो, बेसमेंट मेम्ब्रेन. कोलॅजन म्हणजे ऊतींना आधार देणारं चिवट प्रथिन; त्याच्या चौथ्या प्रकाराची जाळी हा या पडद्याचा कणा. त्याखाली मऊ मांस, त्यात रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्या. अस्तरात मात्र एकही वाहिनी नसते. पेशी कितीही बिघडल्या तरी पडद्याच्या वर आहेत तोवर आम्ही 'इन सिटू' लिहितो, म्हणजे जागच्या जागी. पडदा फाटून एखादा पुंजका खाली उतरलेला दिसला, की शब्द बदलतो. त्या क्षणापासून रोग वाहिन्यांच्या शेजारी येतो. सगळा फरक त्या एका पडद्याचा आहे.

पडदा फाटतो तो नुसत्या रेट्याने नाही, तो कापला जातो. कापणाऱ्या विकरांचं, म्हणजे एन्झाइमांचं, एक मोठं घराणं आहे, मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटीनेज, आम्ही एमएमपी म्हणतो. माणसात अशी २३ आहेत. प्रत्येकाच्या गाभ्यात जस्ताचा एक अणू असतो, कापायचं काम तिथेच होतं. यातली दोन आणि नऊ क्रमांकाची विकरं चौथ्या प्रकारचं कोलॅजन कापतात. १९८० साली लान्स लिओटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या गाठींवर दाखवलं, की ज्या पेशी हे कोलॅजन जास्त विरघळवतात त्या जास्त दूर पसरतात. तेव्हा मावसभावाने वाचलंय ते खरं आहे.

अपुरं मात्र आहे. दुपारी लिहिते, नातवाला शाळेत सोडायचंय.

---

खाजनकाठ | सकाळी ८:३०

पेशीवाचक ताईंचं वाचून अंगावर काटा आला. आमची खाजन शेती, चोडणला. बांधाच्या एका बाजूला खारं पाणी, दुसऱ्या बाजूला भात. बांध आहे तोवर नदी कितीही फुगो, शेत सुरक्षित. बांधाला भगदाड पडलं की एका भरतीत शेत खारट होतं आणि पुढची काही पिकं हातची जातात.

आणि बांध फोडतं कोण? बऱ्याचदा कुर्ल्या. आतून बिळं करतात. वरून बांध धडधाकट दिसतो, माणूस त्यावरून चालतो, आणि आत पोकळ. माझे वडील पावसाआधी बांधावरून अनवाणी चालायचे, पायाला कुठे मऊ लागतंय ते बघायला. कर्करोगाला खेकड्याचं नाव देणाऱ्याने खाजन पाहिलं होतं की काय!

---

निळी_छत्री | सकाळी ८:५२

अवांतर: नाव हिपोक्रेटिसच्या काळचं, ग्रीक 'कार्किनोस' म्हणजे खेकडा. गाठीभोवती फुगलेल्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या दिसत, म्हणून ते नाव पडलं असं सांगतात. लॅटिनमध्ये त्याचंच 'कॅन्सर' झालं आणि आपण 'कर्क' घेतलं.

खाजनकाठ, सकाळी सकाळी कुर्ल्यांची आठवण काढलीत. आमच्याकडे आज हुमणच होणार.

---

पेशीवाचक | दुपारी २:२०

खाजनकाठ भाऊ, बांधाचा दाखला फार चपखल आहे, पण त्यात एक दुरुस्ती करते, कारण गैरसमज नेमका तिथेच होतो. कुर्ली बाहेरून येते. इथे बांध पोखरणारे बऱ्याच अंशी बांधाचेच राखणदार असतात.

गाठीच्या आसपास सापडणाऱ्या एमएमपीचा मोठा वाटा कर्करोगाच्या पेशी तयार करतच नाहीत. तो शेजारच्या साध्या, निरोगी पेशींकडून येतो: धागे विणणाऱ्या फायब्रोब्लास्ट, सफाई करणाऱ्या मॅक्रोफेज, न्यूट्रोफिल. १९९० मध्ये स्तनाच्या कर्करोगात या घराण्यातलं अकरा क्रमांकाचं विकर सापडलं, ते गाठीच्या पेशींत नव्हतंच, भोवतालच्या फायब्रोब्लास्टमध्ये होतं. गाठ शेजाऱ्यांना निरोप धाडते, "इथे जखम झालीय, दुरुस्तीला या." ते बिचारे हत्यारं घेऊन येतात आणि जुनं कोलॅजन कापायला लागतात. जखमेत हेच काम झाल्यावर थांबतं. गाठीत थांबा म्हणणारं कुणी नसतं.

शिवाय ही विकरं बहुतेक कुलूपबंद जन्माला येतात. त्यांच्याच साखळीचा एक तुकडा जस्तावर हात ठेवून बसलेला असतो. तो हात दूर झाला की कात्री उघडते. पुन्हा तिला आवरायला शरीराने चार प्रथिनं ठेवलीत, टिम्प १ ते ४. म्हणजे बांध आहे, मानस (बांधातली पाण्याची वाट) आहे, मानशीची दारंही आहेत. आजारात ह्या सगळ्याचा ताळमेळ बिघडतो.

---

मास्तर_डिचोली | दुपारी ३:४५

मी महाविद्यालयात जीवरसायन शिकवतो. ताईंनी जखमेचं लिहिलं म्हणून हे जोडतो. हे विकर पहिल्यांदा कर्करोगात सापडलंच नव्हतं. ते सापडलं बेडकाच्या पिलात.

आत्ता जूनमध्ये आमच्या शेतातल्या पाण्यात बघा, लाखो पिलं शेपटी हलवत असतात. काही आठवड्यांत शेपटी नाहीशी होते. ती गळून पडत नाही, शरीर ती आतल्या आत विरघळवून परत घेतं. शेपटीत कोलॅजन असतं, आणि कोलॅजनचा दोर इतका चिवट की साधी विकरं त्याला हात लावू शकत नाहीत. मग शेपटी जाते कशी, हा प्रश्न जेरोम ग्रॉस आणि शार्ल लापिएर यांना पडला. त्यांनी शेपटीच्या त्वचेचे तुकडे कोलॅजनच्या थरावर ठेवले, तर तुकड्यांभोवतीचं कोलॅजन विरघळून कडी तयार झाली. साल १९६२. तिथून हे घराणं माहीत झालं.

वर्गात मी नेहमी शेपटीपासूनच सुरुवात करतो. कारण मुलांच्या डोक्यात 'एमएमपी म्हणजे कर्करोगाचं शस्त्र' असं एकदा बसलं की पुढचं सगळं चुकतं. हाडाची डागडुजी, जखम भरणं, बाळंतपणानंतर गर्भाशय पूर्ववत होणं, सगळीकडे हीच कात्री चालते.

---

अबोली | दुपारी ४:१०

मी प्रसूती विभागात परिचारिका आहे. मास्तर, अजून एक जोडा. वार गर्भाशयाच्या भिंतीत रुजते तेव्हा तिच्या पेशी भिंत कापतच आत शिरतात, अगदी आईच्या रक्तवाहिन्यांपर्यंत. आम्हाला शिकवलं होतं की तिथेही दोन आणि नऊ क्रमांकाचीच विकरं असतात. पण ठरावीक खोलीवर पेशी थांबतात. कधी थांबल्या नाहीत तर वार भिंतीला चिकटून बसते, आणि तो रक्तस्राव मी एकदा पाहिलाय, विसरता येत नाही. थांबणं किती मोठी गोष्ट आहे, ते तेव्हा कळलं.

---

माडीबाग | रात्री ८:३०

सगळ्यांचे खूप आभार. मामीला अर्धं वाचून दाखवलं. तिला बेडकाचं पटकन समजलं! पण लगेच म्हणाली, कात्रीच बंद करणारी गोळी दिली की झालं. मलाही तेच वाटतंय. का देत नाहीत?

---

वेर्णा_लाईन | रात्री ९:२०

ह्याचं उत्तर मी देतो. मी औषध कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. हा आमच्या धंद्यातला मोठा धडा आहे.

गोळी देऊन झालेली आहे. १९९० च्या दशकात जगातल्या मोठमोठ्या कंपन्या याच विचाराने धावत होत्या. बॅटिमास्टॅट, मारिमास्टॅट, प्रिनोमास्टॅट, टॅनोमास्टॅट अशी औषधं निघाली. मारिमास्टॅट तोंडाने घ्यायचं होतं आणि थेट त्या जस्ताच्या अणूला जाऊन चिकटायचं. उंदरांत निकाल सुंदर. मग हजारो रुग्णांवर चाचण्या झाल्या: स्वादुपिंड, फुप्फुस, जठर, स्तन. जवळपास सगळ्या फसल्या. मारिमास्टॅट घेणाऱ्यांचे हातांचे सांधे आणि खांदे दुखून आखडायचे, इतके की मात्रा कमी करावी लागे किंवा औषध थांबवावं लागे. टॅनोमास्टॅटची फुप्फुसाच्या कर्करोगातली एक चाचणी १९९९ मध्ये बंद केली, कारण औषध घेणाऱ्यांची प्रकृती नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांपेक्षा वाईट होत होती.

कारणं नंतर उलगडली. ही औषधं बरीचशी सरसकट होती, एका कात्रीसाठी घरातली सगळी सुऱ्या-कोयते कुलपात. त्यात रोजच्या डागडुजीची हत्यारंही गेली. दुसरं, उंदरांना औषध लवकर मिळत होतं, माणसांना ते रोग पसरल्यावर दिलं गेलं. बांध फुटून शेत बुडाल्यावर बिळं बुजवण्यासारखं. आणि तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: यातली काही विकरं कर्करोगाच्या विरोधात काम करतात. आठ क्रमांकाचं विकर नसलेल्या नर उंदरांना त्वचेच्या गाठी जास्त झाल्या, हे २००३ मध्ये दाखवलं गेलं. म्हणजे सगळी विकरं बंद केली की आपल्या बाजूने लढणारंही बंद.

ताई, इतका पैसा आणि इतकी हुशार माणसं लागूनही जे जमलं नाही, ते ४,८०० च्या बाटलीत असणं शक्य नाही. त्या माणसाला एवढंच विचारा, बाटलीवर परवाना क्रमांक आणि घटक कुठे लिहिलेत.

---

हळदीचं_पान | रात्री ९:४४

चाचण्या कृत्रिम औषधांच्या फसल्या. हळदीच्या नाहीत.

---

मास्तर_डिचोली | रात्री १०:०२

हळदीचं_पान, तुमचा हेतू चांगला आहे हे मान्य करून लिहितो. काचेच्या बशीतल्या पेशींवर हळदीतलं करक्युमिन ओतलं की नऊ क्रमांकाचं विकर कमी होतं, असे प्रयोग आहेत. पण खाल्लेली हळद आतड्यातून रक्तात फारच थोडी उतरते. बशीतली मात्रा आणि गालातली मात्रा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आमटीत हळद जरूर घाला. तिच्यापायी २५ तारीख मात्र पुढे ढकलू नका.

---

पेशीवाचक | रात्री १०:३०

बायोप्सीबद्दलही सांगते. "सुई लागली आणि पसरला" हे मी नोकरीभर ऐकलं. त्या घरांत रोग आधीच खोल गेलेला होता, सुईने तो फक्त कळला. तोंडाच्या जखमेचा तुकडा घेतल्याशिवाय उपचार ठरवताच येत नाहीत. ह्या एका भीतीने माणसं चार-सहा महिने घरी बसतात, आणि ते महिने मला पुढे काचपट्टीवर मिलिमीटरमध्ये मोजावे लागायचे.

---

दंतकथा | १३ जून, सकाळी १०:१५

मी दंतवैद्य, मडगावला. सुपारीबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून थोडं लांब लिहितोय, माफ करा.

मामांचं तोंड चार वर्षं उघडत नव्हतं, तो खरा पहिला इशारा होता. त्याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतल्या भारतीय स्त्रियांमध्ये त्याची नोंद केली, आणि १९५३ मध्ये मुंबईच्या डॉ. जोशींनी 'सबम्यूकस फायब्रोसिस' हे नाव दिलं. कारण सुपारी. तंबाखू नसली तरी होतो. कितीतरी लोक मला अभिमानाने सांगतात, "डॉक्टर, मी तंबाखू सोडली, आता फक्त सुपारी." आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या अहवालात निव्वळ सुपारीलाही माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलंय.

आता गंमत बघा, म्हणजे दुःखद आहे पण समजून घेण्यासारखी. सुपारीतलं अरेकोलिन फायब्रोब्लास्टना जास्त कोलॅजन विणायला लावतं. सुपारीत तांबंही भरपूर. लायसिल ऑक्सिडेज नावाचं विकर तांब्यावर चालतं, ते कोलॅजनच्या दोरांना आडव्या गाठी मारतं. आणि त्याच वेळी कापणारी विकरं कमी पडतात, टिम्प वाढतात. म्हणून गाल चामड्यासारखा होतो. म्हणजे ह्या तोंडात आधी कोलॅजन पुरेसं कापलंच जात नाही, आणि पुढे त्याच तोंडात कर्करोग झाला की नको तिथे कापलं जातं. कडक झालेलं मांस रोगाला अडवेल असं वाटतं, पण तसं होत नाही. उंदरांच्या प्रयोगांत कोलॅजनला जास्त गाठी मारून ऊती ताठ केल्या, तर पेशी आत शिरायला उलट जोर चढला.

केरळमध्ये सबम्यूकस फायब्रोसिसच्या रुग्णांचा १७ वर्षं पाठपुरावा केला होता, त्यांत ७.६ टक्के लोकांना पुढे कर्करोग झाला. सगळ्यांना होत नाही, पण हा आकडा मला झोपू देत नाही.

हे वाचणाऱ्या प्रत्येकाने आत्ता आरशासमोर उभं राहून तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घालून बघावीत. मावत नसतील तर कुठल्याही दंतवैद्याकडे जा.

आणि वेर्णा_लाईन, एमएमपी रोखणारं एक औषध बाजारात आहे बरं. डॉक्सिसायक्लिन, जंतू मारण्याच्या मात्रेपेक्षा कमी, २० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. अमेरिकेत १९९८ मध्ये त्याला मंजुरी मिळाली, पण हिरड्यांच्या आजारासाठी. कर्करोगासाठी नाही. कुणी स्वतःहून घेऊ नये.

---

निळी_छत्री | सकाळी १०:२८

तीन बोटं मावली. बाबांची दोनच मावली. सोमवारी नेतोय त्यांना. दंतकथा, देव बरें करूं.

---

बिंबल | दुपारी १:०५

धागा कालपासून वाचतोय, लिहू की नको असं होत होतं.

माझ्या बाबांना जिभेच्या कडेला झाला होता. त्यांनाही मानेत काही नव्हतं. त्यांनाही ग्रंथी काढायचं सुचवलं. बाबा म्हणाले जीभ करा, मान नको. आम्ही भाऊ दोन बाजूंना झालो, शेवटी बाबांचं ऐकलं. आठ महिन्यांनी दाढी करताना त्यांच्या बोटाला मानेत गोटीएवढं काही लागलं. मग मोठं ऑपरेशन, रेडिएशन, केमो, सगळं एकदम. दीड वर्ष गेलं त्यात, आणि मग बाबा गेले.

आधी मान केली असती तर ते आज असते, असं मी म्हणत नाही. ते कुणालाच सांगता येणार नाही. पण आम्हाला तेव्हा कुणी समजावून सांगितलं असतं की मानेत 'दिसत नाही' आणि मानेत 'नाही' ह्या दोन गोष्टी आहेत, तर आमचं भांडण वेगळं झालं असतं. बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांना प्रत्येकाला पाच मिनिटं. त्यांचा तरी काय दोष.

माडीबाग ताई, तुम्ही विचारताय हेच फार आहे.

---

अबोली | दुपारी १:४०

बिंबल दादा, वाचून डोळे भरले.

तरी दुसरी बाजू लिहिते, कारण ती माझ्या घरात आहे. माझ्या सासऱ्यांची मान केली, ग्रंथींत काहीच निघालं नाही. आणि त्यांचा खांदा सहा महिने वर जात नव्हता. माडाखालचा नारळ उचलताना कळवळायचे. मानेतून खांद्याला जाणारी एक नस असते, ती वाचवली तरी दुखावते. तेव्हा "मान कराच" असं सरसकट म्हणू नये. खांद्याचं काय होणार, हे आधी विचारून घ्यावं.

---

पेशीवाचक | संध्याकाळी ५:५०

अबोली बरोबर बोलतेय. आणि बिंबल, तुमचं "दिसत नाही आणि नाही" हे वाक्य मला वर्गात शिकवायला हवं होतं.

आता मूळ प्रश्नाकडे येते, मामीच्या प्रश्नाकडे.

पडदा कापून पेशी खाली उतरल्या की लसिकावाहिन्या जवळ येतात. त्यांच्या भिंती नाजूक, आत शिरणं सोपं. गालाच्या आणि जिभेच्या वाहिन्या मानेतल्या ग्रंथींकडेच जातात. पहिल्या आलेल्या काही पेशी ग्रंथीत कोपऱ्यात बसतात, एखाद्या मिलिमीटरचा पुंजका. तो हाताला लागत नाही, सोनोग्राफी-एमआरआयलाही बहुधा दिसत नाही. मलाही तो ग्रंथीचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखालीच सापडायचा.

पुंजका असण्याची शक्यता कशावर अवलंबून? रोग किती रुंद आहे त्यापेक्षा किती खोल गेलाय त्यावर जास्त. २०१८ पासून तोंडाच्या कर्करोगाची पायरी ठरवताना खोली धरतातच: ५ मिलिमीटरपर्यंत पहिली, १० पर्यंत दुसरी, त्यापुढे तिसरी. पातळ आणि पसरलेला रोग एकवेळ बरा, लहान तोंडाचा पण खोल गेलेला वाईट. हळदीचं_पान म्हणाले ६ मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. पडदा केसापेक्षा कितीतरी पातळ असतो. त्याच्या हिशेबात ६ मिलिमीटर हा फार लांबचा प्रवास आहे.

आधी मान करावी की गाठ येण्याची वाट बघावी, हा वाद जगभर अनेक वर्षं होता. तो आपल्या मुंबईतल्या टाटा मेमोरिअल रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी ५०० रुग्णांवर तपासला, २०१५ मध्ये निकाल आला. सगळे मानेत गाठ नसलेले. ज्यांची मान आधीच केली, त्यांतले ८० टक्के तीन वर्षांनी हयात होते. वाट पाहिलेल्यांत ६७.५ टक्के. तुमच्या डॉक्टरांचा सल्ला ह्या निकालाला धरून आहे.

---

माडीबाग | रात्री ९:१५

पेशीवाचक ताई, हात जोडते. मामीने स्वतः मोबाईल हातात घेऊन वाचलं. बाटली परत केली. पैसे परत मिळणार नाहीत म्हणाला, जाऊ दे.

एक शंका राहिली. ऑपरेशनपर्यंतच्या बारा दिवसांपुरती तरी ती विकरं रोखता आली असती तर पसरणं थांबलं असतं का?

---

मास्तर_डिचोली | रात्री ९:५०

तसंही नाही, ताई. एक वाट बंद केली की पेशी दुसरी धरतात. कोलॅजनच्या जाळीत भोकं पुरेशी मोठी असतील तर पेशी कापाकापी न करता, अंग चोरून, अमीबासारखी सरकत जाते. प्रयोगशाळेत विकरं रोखल्यावर पेशींनी हा बदल केलेला पाहिलाय, २००३ मध्ये. अडतं ते फक्त पेशीचं केंद्रक, कारण ते फार दाबलं जात नाही. भोक त्यापेक्षा फारच लहान असेल तर मात्र कापावंच लागतं. पेशीच्या अंगातच रुतून बसलेलं चौदा क्रमांकाचं विकर, १९९४ मध्ये जपानी संशोधकांना सापडलेलं, ते तेव्हा कामाला येतं. ते दोन क्रमांकाच्या विकराचं कुलूपही उघडून देतं.

आजही संशोधक सगळ्या घराण्यामागे न लागता असं एकेक विकर नेमकं धरायचा प्रयत्न करताहेत. होईलही कधीतरी. मामांना बारा दिवसांत उपयोगी पडेल ते म्हणजे पान-सुपारी पूर्ण बंद, पोटभर जेवण, तोंड स्वच्छ.

---

खाजनकाठ | १४ जून, सकाळी ६:४०

काल रात्री हे सगळं आमच्या वडिलांना सांगितलं. ८३ वर्षांचे आहेत. ते म्हणाले, कुर्लीचं बीळ सापडलं की आम्ही तेवढंच बुजवत नसू. दोन्ही बाजूंना हातभर खणून माती काढायची, मगच नवी माती भरायची. मामीला सांगा म्हणाले.

---

माडीबाग | १९ जुलै, रात्री ८:०५

उशिरा येतेय, क्षमा असावी. २५ जूनला ऑपरेशन झालं. सात तास लागले. मामा घरी आलेत, अजून पातळ पेज आणि सूपच.

खाजनकाठ भाऊ, तुमच्या वडिलांचा निरोप मामांनाच सांगितला होता. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः मामीला म्हणाले, सही कर.

अहवाल परवा मिळाला. खोली ७ मिलिमीटर. काढलेल्या भागाच्या कडा मोकळ्या, म्हणजे तिथे रोग नाही. मानेतून ३१ ग्रंथी काढल्या, त्यांतल्या एकीत ३ मिलिमीटरचा पुंजका निघाला. मामी तो आकडा बोटाने धरून बराच वेळ बघत होती. आता रेडिएशनबद्दल डॉक्टर सोमवारी सांगणार आहेत.

---

बिंबल | रात्री ८:२०

सापडला ना. बरं झालं सापडला.

---

पेशीवाचक | रात्री ८:४५

ताई, अहवालात खाली 'एक्स्ट्रानोडल एक्स्टेंशन' अशी एक ओळ असेल. म्हणजे पुंजक्याने ग्रंथीचं कवच कापून बाहेर वाट काढलीय का. तिथे काय लिहिलंय?

---

माडीबाग | रात्री ८:५१

बघितलं. 'नाही' असं लिहिलंय.

---

पेशीवाचक | रात्री ८:५३

छान. सोमवारी ती ओळ डॉक्टरांना आवर्जून दाखवा. खांद्याच्या व्यायामाचं अबोलीला विचारा, आणि तोंड उघडण्याचा व्यायाम दंतकथा सांगतील. दोन्ही कधी सुरू करायचे ते सोमवारीच विचारून घ्या.

---

अबोली | रात्री ९:१०

ताई, व्यक्तिगत निरोप पाठवलाय. भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम आहे, सोपा आहे. आमच्या सासऱ्यांनी आता पाडेली (माडावर चढून नारळ पाडणारा) बोलवणं बंद केलंय, खालचे नारळ स्वतःच गोळा करतात.